पावसाळ्याचं प्रदर्शन आदल्या पावसाळ्यात सुरू होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाईत नदीपासून जवळच एक जुना वाडा एका विश्वस्त मंडळाकडे आला आहे. खाली तीन खोल्या, मध्ये चौक, वरच्या मजल्यावर एक लांब दालन. तिथे निसर्गचित्रांचं छोटं संग्रहालय करायचं आहे. फुलांची, पक्ष्यांची, झाडांची चित्रं आहेत, थोडी छायाचित्रं आहेत, वाळवलेल्या वनस्पतींचे काही जुने कागद आहेत. ऋतूंप्रमाणे वर्षाला चार प्रदर्शनं आणि त्यांच्या जोडीने कार्यक्रम करायचा बेत आहे. कासचा बहर सप्टेंबरात असतो, तर सगळ्यात मोठं प्रदर्शन त्याच महिन्यात उघडावं का, उरलेल्या वर्षात काय दाखवावं, आणि तिकीट लावावं का, असं त्यांनी पत्रातून विचारलं आहे.

मी सातारा जिल्ह्यात लहान संग्रहालयांची प्रदर्शनं मांडण्याचं काम बरीच वर्षं करते आहे, त्यातली बहुतेक निसर्गाशी संबंधित. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देते. कासचं प्रदर्शन सप्टेंबरात उघडू नका. जुलैच्या मध्याला उघडा आणि गौरी-गणपती झाले की काही दिवसांत उतरवा. त्यात मूळ चित्रं लावू नका, उत्तम छापील प्रती लावा. मूळ चित्रं बाहेर काढायची ती डिसेंबर ते फेब्रुवारी. बाकीचं वेळापत्रक या दोन निर्णयांवर उभं राहतं, म्हणून त्यांची कारणं नीट सांगते.

कासचं पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यांत कास आहे. तिथे जांभ्याचा उघडा सडा आहे. त्यावर कुठे बोटभर माती, कुठे तेवढीही नाही. अशा जमिनीवर वाढणारी बहुतेक रोपं वीतभरही होत नाहीत, फुलं नखाएवढी असतात. ती लाखोंनी एकदम उमलतात तेव्हा दुरून नुसता रंग दिसतो. येणारा माणूस तो रंग पाहतो, फोटो काढतो आणि परत गाडीत बसतो. सीतेची आसवं हे जांभळं फूल त्याने पाहिलेलं असतं, पण त्या रोपाला खरी मुळं नाहीत आणि ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या आहेत, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात, हे त्याला दिसण्याचा मार्गच नसतो. मातीत नत्र कमी, म्हणून ते रोप कीटकभक्षी झालं. दवबिंदू या रोपाचंही तसंच, फक्त त्याचा सापळा पानावर आहे आणि चिकट आहे. गेंदाचा पांढरा चेंडू म्हणजे एक फूल नव्हे, अनेक फुलांचा गुच्छ आहे. हे सगळं कागदावर दहापट मोठं काढून दाखवता येतं. जमिनीखालचा भाग, उभा छेद, कळीपासून बोंडापर्यंतचा प्रवास एकाच पानावर मांडता येतो. कॅमेऱ्याला हे जमत नाही. निसर्गचित्राचं खरं बळ इथे आहे, आणि तुमच्या संग्रहालयाचंही ते असायला हवं.

हे चित्र माणसाने पठारावर जाण्याआधी पाहिलं, तर तो तिथे गेल्यावर थांबतो. वाकून बघतो. सोबतच्या मुलांना दाखवतो. पठारावरून आल्यावर पाहिलं, तर ‘अरे, हे राहिलंच’ एवढंच म्हणतो, आणि पुढच्या वर्षी तो येईलच असं नाही. पुणे-मुंबईचे लोक जुलै-ऑगस्टमध्ये पाचगणी-महाबळेश्वरला पाऊस बघायला निघतात ते वाईवरूनच. त्यांना तेव्हा गाठायचं. सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी साताऱ्याहून थेट कास गाठणारा माणूस वाकडी वाट करून वाईला येणार नाही.

आता यातून एक गोष्ट आपोआप निघते. यंदाच्या जुलैत लावायची चित्रं यंदाच्या जुलैत काढता येत नाहीत. ती गेल्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काढलेली हवीत. मग वनस्पतिशास्त्राच्या माणसाने तपासायला, दुरुस्तीला, छपाईला, पाट्या लिहायला हिवाळा आणि उन्हाळा मिळतो. निसर्गकलेच्या संग्रहालयाचं वर्ष हे असं एक पाऊल मागून चालतं. विश्वस्तांना हे पहिल्या बैठकीतच समजावून सांगा. पहिल्या वर्षी पावसाळी प्रदर्शन नाही, फक्त चित्रकारांना पठारावर पाठवायचं, असा ठराव झाला तर पुढची घाई टळते.

पठारावर चित्र काढणं हे घरात बसून काढण्यासारखं नसतं. धुक्यात जलरंग वाळत नाही, कागद फुगतो, रंग पसरतो. म्हणून तिथे पेन्सिल आणि रंगीत पेन्सिली न्यायच्या, मोजमापं लिहायची, रंगांचे छोटे ठिपके शेजारी लावून त्यांच्याजवळ टीप लिहायची आणि जलरंगाचं काम खाली उतरून करायचं. कागद जाडच हवा, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा. बोर्डावर प्लॅस्टिकचं पान चिमट्याने लावलेलं असावं. वायतुऱ्यासारखी पाण्यातली वनस्पती काढायची असेल, तर पाण्याबाहेर काढून बघायचा मोह होतो, तो आवरायला हवा. वायतुऱ्याचं शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, साताऱ्याच्या नावावरून दिलेलं, आणि ही वनस्पती सह्याद्रीबाहेर सापडत नाही. तिची मुळं दाखवायची असतील तर वनस्पतिसंग्रहातला जुना वाळवलेला नमुना बघून काढा. चित्रकारांचा गट पाच-सहा जणांच्या वर नको, आणि बसायचं ते उघड्या खडकावर किंवा वाटेवर. त्या बोटभर मातीवर दहा माणसं तासभर बसली तर पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही. वनविभागाची आणि स्थानिक समितीची परवानगी आधी घ्या. फूल तोडून आणून काढायचं नाही, ही अट चित्रकारांच्या पत्रातच लिहा.

आता कागद. तुमच्या वाड्यासाठी हा सगळ्यात कळीचा विषय आहे, म्हणून थोडं लांबवते.

वाईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांवर राहते. सत्तरच्या वर ती आठवडाभर टिकली की कागदावर, कापडावर, चौकटीमागच्या पुठ्ठ्यावर बुरशी धरते. जाड दगड-मातीच्या भिंती पाणी शोषतात आणि पाऊस थांबल्यावरही दोन-तीन महिने ते सोडत राहतात. म्हणून जून ते ऑक्टोबर पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर, म्हणजे तुमच्याकडे बहुधा पश्चिमेच्या, काहीच टांगायचं नाही. बाकीच्या भिंतींवर चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यात बोटभर हवा खेळती राहते. चित्र काचेला चिकटलेलं नको, मध्ये खिडकी कापलेला पुठ्ठा हवा, आणि तो आम्लमुक्त हवा. साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत चित्राच्या कडा तांबूस होतात.

दालनात एक आर्द्रतामापक ठेवा, काहीशे रुपयांत मिळतो. रोज सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. एका वर्षाची ती वही कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त सांगेल, कारण प्रत्येक वाड्याची हवा वेगळी असते. धुकं असताना ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघडायची सवय आपल्याकडे आहे, ती मोडायला हवी. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच उघडायच्या. एरवी पंखे चालू ठेवा, कारण हलत्या हवेत बुरशी सहज बसत नाही. साठवणीच्या खोलीसाठी आर्द्रता शोषणारं यंत्र घेता आलं तर उत्तम, पण ते बंद खोलीतच चालवायचं आणि त्याचं पाणी रोज ओतायचं. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या तर रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतात.

साठवण खाली ठेवू नका. धोम धरणातून पाणी सोडल्यावर वाईचे घाट कसे बुडतात ते तुम्हाला मी सांगायला नको. २०१९ च्या महापुरात सांगलीत ग्रंथालयांतली जुनी पुस्तकं पाण्यात गेली. मूळ चित्रं वरच्या मजल्यावर, कौलाला न लागून, मधल्या भिंतीच्या कपाटात, आणि खालचा कप्पा जमिनीपासून हातभर वर. गळकं कौल मे महिन्यात शाकारून घ्यायचं, हे तुमच्या वार्षिक वेळापत्रकात प्रदर्शनाइतक्याच ठळक अक्षरात लिहा.

वाळवलेल्या वनस्पतींना बुरशीइतकाच किड्यांचा धोका असतो. कसर, झुरळं आणि वाळलेली पानं पोखरणारे बारीक भुंगेरे. नवीन आलेला प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये आठवडा-दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस न उघडता तशीच राहू द्या, म्हणजे ओल पिशवीच्या बाहेर धरेल. डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाची पानं घरात ठीक आहेत. संग्रहालयात त्यांच्यावर विसंबू नका, आणि डांबराच्या वासात दिवसभर बसणाऱ्या तुमच्या माणसाचाही विचार करा.

उजेडाचं नुकसान डोळ्यांना कळत नाही, कारण ते हळूहळू होतं. जलरंग, वाळलेली फुलं, नैसर्गिक रंगाचं कापड यांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको आणि वर्षातून तीन महिन्यांपेक्षा जास्त प्रदर्शन नको, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण नियम आहे. चौकातून येणारं ऊन दुपारी कुठल्या भिंतीवर जातं ते बघा. एक सोपी चाचणी आहे. गुलाबी किंवा जांभळ्या पतंगाच्या कागदाची पट्टी घ्या, अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाका आणि प्रत्येक भिंतीवर लावा. तीन महिन्यांनी पुठ्ठा काढा. जिथे दोन भागांत फरक दिसेल ती भिंत मूळ चित्रांसाठी बाद. विश्वस्तांना हे पट्टीचे तुकडे दाखवले की वाद लगेच मिटतो.

या सगळ्यामुळे मूळ चित्रांचा हंगाम उरतो तो हिवाळा. मार्गशीर्ष ते माघ. हवा कोरडी, ऊन सौम्य, प्रवासी भरपूर. वाईत थंडी सरताना कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर पाळीपाळीने चालतो, गावाबाहेर राहणारी वाईकर मंडळी तेव्हा घरी येतात. तुमचं सगळ्यात मौल्यवान प्रदर्शन तेव्हा लावा. चित्रं तुमच्या गावकऱ्यांनी आधी पाहायला हवीत.

चार ऋतूंची चौकट मात्र मला पटत नाही. या जिल्ह्यात एकाच दिवशी दोन ऋतू असतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तिकडे दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आसपास, तोही बराचसा उत्तरा-हस्ताच्या भरवशावर. जुलैत इकडे भाताची लावणी चालू असते तेव्हा माणदेशातला शेतकरी आभाळाकडे बघत असतो. ‘पावसाळा’ म्हणून फक्त हिरवी चित्रं लावलीत तर निम्मा जिल्हा भिंतीवर येणारच नाही. त्यापेक्षा मृग, आर्द्रा, मघा, हस्त अशी शेतकऱ्यांची नक्षत्रं धरा. ती इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहेत, आणि त्यांच्या जोडीला प्रत्येक भागातलं एक झाड, एक पक्षी, एक पीक सहज बसतं. उत्तरा नक्षत्रात कासला फुलांचा भर असतो तेव्हा माणदेशातलं माळरान नुकतं हिरवं होऊ लागतं. एका भिंतीवर हे, समोरच्या भिंतीवर ते. बघणाऱ्याला आपला जिल्हा केवढा विविध आहे हे न सांगता कळतं. पूर्व भागासाठी वेगळं प्रदर्शनही करा, थंडीत. माळावरचा लांडगा, धनगरांच्या मेंढ्या आणि घोंगडी, मायणी-येरळवाडीच्या तलावांवर येणारे पाणपक्षी, काही हिवाळ्यांत रोहित म्हणजे फ्लेमिंगोही. हे विषय आपल्या चित्रकारांनी फार कमी हाताळले आहेत. तिथल्या शाळांना चित्रं मागा, चांगली येतात.

उन्हाळ्याला लोक ‘मधला रिकामा काळ’ समजतात. फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर निष्पर्ण होऊन फुलतात, वैशाखात बहावा. पसरणी घाट चढताना हे सगळं रस्त्यालाच दिसतं. आणि चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या खाली, पाऊस पडण्याआधीच्या त्या तापलेल्या दिवसांत सरड्यांचे नर दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघडतात. निळा, काळा आणि नारिंगी. ही जात सरडा सुपर्बा या नावाने २०१६ साली शास्त्रात नोंदली गेली, म्हणजे अगदी अलीकडे. एप्रिलमध्ये या एका प्राण्यावर एक खोली करता येते. पंखा मिटलेला, अर्धा उघडलेला, पूर्ण उघडलेला, दोन नर समोरासमोर. मुलं त्या खोलीतून हलत नाहीत.

उन्हाळ्यातच मातीच्या रंगांची कार्यशाळा घ्या, कारण रंग वाळायला ऊन लागतं. घराच्या पायासाठी खणलेली लाल माती, पिवळा मुरूम, गेरू, चुना, काजळी एवढं पुरतं. माती पाण्यात ढवळायची, वाळू खाली बसू द्यायची, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. असं दोन-तीनदा केलं की तळाशी मऊ गाळ मिळतो. तो वाळवून खलायचा आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटायचा. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. प्रमाण प्रत्येक मातीचं वेगळं, ते मुलांनीच शोधायचं. पठारावरची माती मात्र उकरून आणू नका.

कार्यक्रमांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नवे ‘महोत्सव’ काढू नका. आपल्या सणांमध्ये निसर्गकला आधीच आहे, तिच्यासाठी दार उघडा. आषाढात बेंदूर असतो, तेव्हा गावातल्या कुंभाराला बोलावून मातीचे बैल करून घ्या, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर खिलार बैलांची रेखाटनं लावा. गणपतीच्या आधी आठवडाभर पत्रीचं प्रदर्शन करा. एकवीस पानांची एकवीस चित्रं. आघाडा, माका, डोरली, शमी, विष्णुक्रांत ही पानं किती जणांना ओळखता येतात ते बघा. यादीत देवदारही आहे, आणि तो हिमालयातला. इथे बाजारात मिळणाऱ्या जुडीत त्याच्या जागी बहुधा दुसरंच काही असतं. पत्रीसाठी डोंगर ओरबाडले जातात, हे त्याच पाटीवर लिहा आणि दारात आघाडा-माक्याची रोपं वाटा. गौरीच्या दिवशी काही घरांत तेरडा येतो, काही घरांत नदीतले खडे. खड्यांची गौर म्हणजे नदीने घडवलेली शिल्पंच. त्या खड्यांची रेखाटनं कृष्णेकाठच्या गावात किती जवळची वाटतात ते लावून बघा. हस्त नक्षत्रात हादगा, मग पाटावरचा हत्ती काढण्याची दुपार. दिवाळीत किल्ले. यांतल्या एकाही गोष्टीसाठी बाहेरून पाहुणा बोलवावा लागत नाही.

निसर्गातच, हाताला मिळेल त्या वस्तूंनी करायची आणि तिथेच विरून जाऊ द्यायची कलाही तुम्हाला करायची आहे, असं पत्रात आहे. त्यासाठी दक्षिण कोरियातल्या याटू या कलाकारगटाचं काम अभ्यासा. १९८१ साली गोंगजू शहरात, गुम नदीच्या काठी हा गट सुरू झाला. ते दर ऋतूला एकत्र जमत, आपलं शरीर आणि तिथे सापडलेली काडी, दगड, बर्फ एवढ्यावर काम करत. पुढे २००४ पासून तिथे निसर्गकलेचं द्वैवार्षिक प्रदर्शन भरू लागलं. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट म्हणजे संयम, तेच ठिकाण ऋतूमागून ऋतू बघत राहणं. आपल्याकडे यासाठी पठार निवडू नका, जंगलही नको. सुगीनंतरचं शेत सगळ्यात चांगलं. ज्वारीचा कडबा, उसाचं पाचट, हळदीची वाळलेली पानं, शेतकऱ्याची संमती आणि एक दिवस. प्लॅस्टिकची दोरी, डिंकाच्या नळ्या, फवारायचे रंग यांना बंदी. काम संपल्यावर छायाचित्र घ्या आणि गुरांना कडबा खाऊ द्या.

याच्याच उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. विस्कॉन्सिन राज्यात वॉसॉ गावातल्या ली यॉकी वुडसन कला संग्रहालयात १९७६ पासून दर शरदात पक्षीचित्रांचं एकच प्रदर्शन भरतं. विषय तोच, पक्षी. दरवर्षी नव्या चित्रांतून निवड. वॉसॉ काही मोठं शहर नाही, पण पक्षी काढणाऱ्या चित्रकारांना जगभर ते नाव माहीत आहे, कारण त्यांनी विषय बदलला नाही. तुम्ही वर्षाला चार नवे विषय शोधत बसलात तर तिसऱ्या वर्षी दमाल. एक विषय कायमचा ठरवा. मी असते तर कारवी निवडली असती. ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. मधल्या वर्षांत तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि त्याच वर्षांत ती डोंगरउताराची माती धरून ठेवते, तिच्या काठ्यांनी कुडाच्या भिंती उभ्या राहतात. मांढरदेवच्या डोंगरात किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही उतारावर एकच जाळी निवडा आणि दरवर्षी त्याच आठवड्यात तिथे चित्रकार पाठवा. पानांची, काठ्यांची, पहिल्या कळ्यांची वर्षं साठत जातील आणि फुलोरा येईल तेव्हा त्याच्या आधीचा सगळा काळ तुमच्या भिंतीवर असेल. असा संग्रह विकत मिळत नाही.

पाट्यांबद्दल दोनच गोष्टी, पण त्या कटाक्षाने पाळा. पहिली, दुर्मीळ वनस्पतीचं नेमकं ठिकाण कधीही लिहू नका. कंदीलपुष्पाच्या किंवा आमरीच्या (ऑर्किडच्या) चित्राखाली ‘सातारा जिल्हा, ऑगस्ट’ एवढं पुरे. ठिकाण कळलं की खणून नेणारे येतात. घरट्यातल्या पिलांची छायाचित्रं तर स्वीकारूच नका, ती मिळवताना घरटं उघडं पडतं आणि शिकारी पक्षी येतात. दुसरी, चित्रकाराचं नाव. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची वनस्पतिबाग होती. तिचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या दरम्यान एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून सुमारे १७० वनस्पतिचित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत, फार सुंदर आहेत. गिब्सनचं नाव राहिलं, चित्रकाराचं नाव कुणी नोंदलं नाही. तुमच्या वाड्यात शाळकरी मुलीचं चित्र असलं तरी तिचं नाव वनस्पतीच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात हवं. वनस्पतीचं गावातलं नाव आधी, शास्त्रीय नाव खाली. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येतो, पण एक भिंत १२० वर ठेवा, मुलांसाठी आणि खुर्चीवरून बघणाऱ्यांसाठी.

लोक तुम्हाला वस्तू आणून देतील, याची तयारी ठेवा. सुगरणीची घरटी, सापाची कात, हरणाची शिंगं, भरलेली पाखरं. शिंगं जंगलात गळून पडलेली असली तरी ती आणि भरलेले प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. वनविभागाला लेखी विचारल्याशिवाय काहीही ठेवून घेऊ नका. नम्रपणे नाही म्हणा आणि देणाऱ्याला त्या वस्तूचं चित्र काढून द्यायला सांगा. पुष्कळदा ते खरंच काढून आणतात.

आराखडा पक्का करण्याआधी सगळ्या विश्वस्तांना घेऊन औंधला जा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालय उभं केलं. ते स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, जुनी लघुचित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे, आणि हे सगळं खटाव तालुक्यातल्या एका गावात. तिथे दोन तास नुसते फिरू नका. चित्रं किती अंतरावर लावली आहेत, उजेड कुठून येतो, गावातली माणसं कुठे थांबतात हे बघा. पौषात यमाईची यात्रा भरते, जमल्यास त्या सुमारास जा, म्हणजे यात्रेला आलेली माणसं चित्रांसमोर कशी उभी राहतात तेही दिसेल.

तिकिटाचं शेवटी विचारलं आहे. वाई तालुक्यातल्या लोकांना आणि कुठल्याही शाळेला तिकीट नको. बाहेरून येणाऱ्यांना ठेवा, चहा-वड्याच्या खर्चाएवढं. पण संग्रहालय तिकिटावर चालेल अशी अपेक्षा ठेवू नका, तेवढ्या पैशांत विजेचं बिल जेमतेम भागतं. पैसे येतात ते छापील प्रतींमधून. मूळ चित्राची चांगली प्रत, पोस्टकार्डं, एकवीस पत्रींचा तक्ता, नक्षत्रांप्रमाणे फुलांचं कॅलेंडर. कॅलेंडर दिवाळीच्या आत छापून तयार हवं, आणि प्रत्येक विक्रीतला ठरलेला हिस्सा चित्रकाराला त्याच महिन्यात पोचला पाहिजे. त्याचा करार साध्या मराठीत, एका पानावर, चित्र हातात घेतानाच करा.